सात नावांचे जहाज

काही छायाचित्रे इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेली असतात की ती प्रथम कोठे पाहिली हे सांगता येत नाही. आम्हांला अभिप्रेत असलेले छायाचित्र त्यांपैकीच एक. पुढे वाळू आणि खडक, मग फेसाळ पाण्याचा पट्टा, आणि त्यापलीकडे समुद्रात एकटाच उभा असलेला एका प्रचंड प्रवासी जहाजाचा पुढचा अर्धा भाग. मागचा अर्धा नाही. एकच धुराडे, गोल खिडक्यांच्या ओळी, त्यांच्याखाली ओघळलेला गंज. किनाऱ्यावर पुष्कळदा एखादी पाठमोरी मानवी आकृती असते. जहाजाच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून उभी केल्यासारखी. खाली ओळ असलीच तर एवढीच : 'अमेरिकन स्टार', फुएर्तेव्हेन्तुरा, कॅनरी बेटे.

आम्ही ते बेट पाहिलेले नाही, आणि ते जहाज आता कोणालाच तसे पाहता येणार नाही. तरीही या चित्राचा लळा सुटत नाही हे कबूल केले पाहिजे. 'जगातील विस्मयकारक भग्नस्थळे' अशा मथळ्यांखाली ते आजही फिरत असते, जणू ते जहाज अद्याप तेथेच उभे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला अवशेषांचे आकर्षण असतेच. पण आकर्षण वाटले की आपण नेमके कशाकडे पाहून हळहळलो हे विचारण्याची सवयही त्याला असावी. पुढील मजकूर त्या विचारण्यातून आलेला आहे.

प्रथम घटना. डिसेंबर १९९३ च्या अखेरीस ग्रीसहून हे रिकामे जहाज एका युक्रेनी टगच्या मागे दोराने बांधून निघाले. जायचे होते थायलंडमधील फुकेत येथे. तेथे त्याचे पंचतारांकित हॉटेल व्हायचे होते. सुएझचा जवळचा मार्ग सोडून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालण्याचे ठरले. अटलांटिकमध्ये वादळ आले, ओढदोर तुटले, पुन्हा बांधण्याचे प्रयत्न फसले. जहाजावर असलेल्या चार माणसांना हेलिकॉप्टरने उचलून घेतले गेले आणि जहाज वाऱ्याच्या स्वाधीन झाले. १८ जानेवारी १९९४ रोजी ते फुएर्तेव्हेन्तुराच्या पश्चिम किनाऱ्यावर, गार्सेय नावाच्या निर्जन पुळणीसमोर, रुतले. दोन दिवसांच्या आत लाटांनी त्याचे दोन तुकडे केले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते पूर्णतः गमावल्याचे जाहीर झाले. त्यानंतर त्याला कोणी धनी उरला नाही. उरले ते बघे.

फुएर्तेव्हेन्तुरा हे कॅनरी बेटांतील आकाराने दुसरे बेट. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, पाऊस अत्यल्प, डोंगर उघडेबोडके, बकऱ्या पुष्कळ. स्पॅनिश वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरा याने १९२४ मध्ये मिगेल दे उनामुनो या तत्त्वज्ञ-लेखकाला हद्दपार केले ते येथेच. काही महिने तो या बेटावर राहिला आणि त्या उघड्या भूमीच्या प्रेमात पडला. तेथे आणि पुढे पॅरिसमध्ये लिहिलेली त्याची सुनीते १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आली. बेटाकडे आपखुशीने कोणी येत नसे त्या काळातील ही गोष्ट. १९९४ पर्यंत ते युरोपीय सहलकऱ्यांचे झाले होते, आणि या सहलकऱ्यांच्या गळ्यात कॅमेरे होते.

गार्सेयला जाण्यास पक्का रस्ता नव्हता. भाड्याच्या मोटारी धुळीच्या वाटेने हेलकावे खात पुळणीवर उतरत. काही जण फक्त पाहून आणि टिपून परतत. काही पोहत जहाजापर्यंत जाण्याचे साहस करीत. तेथील प्रवाह दगाबाज आहेत, आणि या हौसेपायी माणसे दगावलेलीही आहेत. बेटावरील लोकांचा दृष्टिकोन अधिक व्यवहारी होता. त्यांनी सुरुवातीच्या काळातच जहाजावरून खुर्च्या, दारे, भांडी, खिडक्या जे निघेल ते काढून आणले, आणि तो ऐवज बेटावरील घरांत व उपाहारगृहांत रुजू झाला. कायद्याच्या दृष्टीने याला काय म्हणावे हा भाग निराळा. वस्तू वापरात राहिल्या एवढे मात्र खरे, आणि वापर हाही आठवणीचा एक प्रकार आहे, कदाचित छायाचित्राहून जुना.

छायाचित्रे कालक्रमाने लावली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. अगदी आरंभीच्या चित्रांत दोन्ही तुकडे आहेत, एकमेकांपासून किंचित तिरके. १९९६ मध्ये मागचा तुकडा कोसळून पाण्याखाली गेला. मग जवळजवळ दहा वर्षे पुढचा तुकडा ताठ उभा आहे. आपल्या सर्वांच्या ओळखीची चित्रे याच काळातील. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याची डावी बाजू खचली आणि तो कलंडला. एप्रिल २००७ मध्ये उजवी बाजूही ढासळली. त्यापुढील चित्रांत पाण्यातून वर आलेले काही काळे आकार आहेत, आणि नंतर फारसे काही नाही. याच तेरा वर्षांत छायाचित्रणकलाही फिल्मच्या रिळाकडून अंकीय कॅमेऱ्याकडे गेली. पहिली चित्रे कौटुंबिक अल्बमांत चिकटवलेली होती, पुढे कोणी तरी ती स्कॅन केली. शेवटची चित्रे जन्मतःच आंतरजालावर आली. जहाज झिजत गेले आणि त्याच्या प्रतिमा वाढत गेल्या. सुझन सोन्टॅगचे नाव घेतल्यावाचून या विषयावर लिहिण्याची आपल्याकडे सोय नाही. तेव्हा ते घेऊन पुढे जातो.

अवशेषांविषयी अधिक नेमके बोलणारा विचारवंत म्हणजे गेओर्ग झिमेल. १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधात त्याने म्हटले आहे ते असे की, वास्तू म्हणजे वर जाऊ पाहणारी मानवी इच्छा आणि खाली खेचणारा निसर्ग यांचा समतोल. वास्तू ढासळू लागली की तो समतोल निसर्गाच्या बाजूला झुकतो, आणि मानवी कृती हळूहळू निसर्गाचीच निर्मिती भासू लागते. अवशेषाची शांतता ती हीच. गार्सेयच्या चित्रांनाही ही व्याख्या वरवर लागू पडते : गंजाचा रंग मागील डोंगरांच्या रंगात मिसळून गेलेला आहे. पण एक मूलभूत फरक झिमेलच्या निबंधात येत नाही, कारण त्याच्यापुढे इमारती होत्या. इमारत जेथे उभी राहिली तेथेच पडते. आपल्याकडच्या पडक्या गढीला तिच्या गावात नाव असते, भाऊबंदकीची कथा असते, 'येथे अमक्याची कचेरी होती' असे सांगणारा एखादा म्हातारा असतो. जहाजाचा अवशेष मात्र परक्या किनाऱ्यावर पडतो. गार्सेयच्या पुळणीला त्या जहाजाविषयी काही आठवत नव्हते; बघ्यांनाही नव्हते. म्हणूनच ते इतके सुंदर, इतके निर्वेध दिसले असावे. आमची शंका अशी की चित्राची मोहिनी आणि हे विस्मरण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

तर मग जहाज कोणाचे होते?

त्याचा कणा व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील गोदीत १९३८ मध्ये घातला गेला. आराखडा विल्यम फ्रान्सिस गिब्ज याचा. लांबी ७२३ फूट. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते जलावतरण झाले आणि नाव ठेवले गेले 'अमेरिका'. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. जहाजाच्या अंतर्भागाची रचना मुख्यतः स्त्रियांच्या संस्थेने केलेली होती. डोरोथी मार्कवाल्ड आणि ॲन अर्कहार्ट यांनी तत्कालीन युरोपीय जहाजांतील राजवाडी थाट टाळून हलके, आधुनिक, राहत्या घरासारखे दालन घडविण्याचा प्रयत्न केला. १९४० च्या ऑगस्टमध्ये प्रवास सुरू झाला तेव्हा युद्धामुळे युरोप बंद होता. जहाज अमेरिकेच्या आसपासच फिरले. दोन्ही अंगांवर भलेमोठे अमेरिकी ध्वज आणि 'अमेरिका' ही अक्षरे रंगविलेली होती, पाणबुड्यांनी हे जहाज तटस्थ राष्ट्राचे आहे हे ओळखावे म्हणून. रात्री त्यांवर प्रकाश टाकीत. (याच काळात खलाशांत दोन जर्मन हेर होते. १९४१ मध्ये ते पकडले गेले.)

जून १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाने जहाज ताब्यात घेतले. ध्वज आणि अक्षरे करड्या रंगाखाली गेली, नाव झाले 'वेस्ट पॉइंट'. येथून पुढील काही महिने मराठी वाचकाच्या ओळखीच्या भूगोलातून जातात, आणि आम्हांला स्वतःला हा भाग ठाऊक नव्हता हे सांगण्यात संकोच नाही.

१० नोव्हेंबर १९४१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून एक ताफा निघाला. जहाजे अमेरिकेची, सैनिक ब्रिटनचे. अमेरिका अद्याप युद्धात उतरलेली नव्हती. तटस्थतेचे पातळ वस्त्र पांघरून ती परक्यांच्या फौजा वाहत होती. सैनिक होते ब्रिटिश अठराव्या डिव्हिजनचे, बहुतांश पूर्व इंग्लंडमधील नॉर्फोक, सफोक, केंब्रिजशर येथील तरुण. त्यांना जायचे होते मध्यपूर्वेत. ताफा केप टाउनजवळ पोचत असतानाच पर्ल हार्बर घडले, जपानी फौजा मलायात उतरल्या, आणि सगळा हिशेब बदलला. २७ डिसेंबरला 'वेस्ट पॉइंट' मुंबई बंदरात आले. डिव्हिजनच्या तुकड्या आगगाडीने अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत गेल्या. सुमारे तीन आठवडे त्यांनी तेथे, दख्खनच्या कोरड्या थंडीत, वाळवंटी युद्धासाठी शिकविलेले पाय जंगलातील युद्धासाठी तयार करण्याचा प्रयत्न केला. अहमदनगरात जंगल नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली असेल की नाही कोण जाणे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ते पुन्हा मुंबईहून जहाजांवर चढले आणि २९ जानेवारी १९४२ रोजी 'वेस्ट पॉइंट' सिंगापूरच्या केपेल बंदरात लागले. दुसऱ्या दिवशी विमानहल्ल्यात सोबतच्या 'वेकफील्ड' जहाजावर बॉम्ब पडून त्यातील माणसे मेली. 'वेस्ट पॉइंट' बचावले. ज्या डेकवरून सैनिक उतरले त्याच डेकवर बाराशेहून अधिक स्त्रिया, मुले, गोदी कामगार व इतर लोक चढले, आणि जहाज बटाव्हियामार्गे कोलंबोकडे निसटले. उतरलेल्यांना परतीचे जहाज नव्हते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर शरण गेले. बंदरात पाय ठेवल्यापासून युद्धकैदी होईपर्यंत त्यांना अडीच आठवडेही मिळाले नाहीत. पुढे त्यांच्यातील कित्येकांना थायलंड-ब्रह्मदेश लोहमार्गाच्या कामावर नेण्यात आले. त्या मार्गावर बारा हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी मेले. आशियाई मजूर त्याहून कितीतरी पटींनी अधिक, आणि त्यांत मलायाच्या मळ्यांतून आणलेले तमिळ कामगार मोठ्या संख्येने होते. कैद्यांची कबरस्ताने आज रेखीव आहेत. मजुरांची नावे बहुतेक नोंदलीच गेली नाहीत.

युद्धानंतरची वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. ती सुखाची होती, आणि सुखाला इतिहासात फारशी पाने मिळत नाहीत. १९४६ पासून जहाज पुन्हा 'अमेरिका' होऊन न्यूयॉर्क आणि युरोप यांच्यात फिरले. जेट विमाने आली आणि अटलांटिक ओलांडायला बोट कोणाला नको झाली. १९६४ मध्ये ते ग्रीक शांद्रिस कंपनीस विकले गेले. 'ऑस्ट्रालिस' हे तिसरे नाव घेऊन त्याने १९६५ ते १९७७ या काळात ब्रिटन आणि ग्रीस येथील स्थलांतरितांना ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे नेले. जेथे मूळ १,२०० प्रवाशांची सोय होती तेथे आता २,२०० हून अधिक बर्थ झाले. मार्कवाल्ड-अर्कहार्ट यांच्या दालनांत रंगाचे आणि भिंतींचे नवे थर चढले. ब्रिटिश स्थलांतरितांना सरकारी मदतीमुळे दहा पौंडांत प्रवास मिळे. हे औदार्य कोणासाठी होते तेही लक्षात ठेवावे : ऑस्ट्रेलियाचे गोऱ्यांपुरते मर्यादित स्थलांतर धोरण १९७३ मध्ये औपचारिकपणे संपेपर्यंत, मुंबई पाहिलेल्या या जहाजावर मुंबईकराला अशा बर्थची आशा धरता आली नसती. १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला आणि 'ऑस्ट्रालिस' केप ऑफ गुड होपच्या वाटेने जाऊ लागले. त्या वाटेवर कॅनरी बेटे लागतात. पुढे जेथे ते मरणार होते त्या बेटांच्या जवळून, डेकवर मुले खेळत असताना, ते कितीदा तरी गेले असेल.

यानंतरची नावे उतरत्या भाजणीने येतात. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कंपनीने ते विकत घेतले, पुन्हा 'अमेरिका' नाव दिले आणि डागडुजी अपुरी असतानाच पहिल्या सहलीस सोडले. घाण, तुंबलेले पाणी आणि कचरा पाहून प्रवासी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या नजरेच्या टप्प्यातच बंड करून उठले. जहाज परत फिरवावे लागले. मग जप्ती, लिलाव, पुन्हा शांद्रिस, आणि 'इटालिस'. या वेळी पुढचे धुराडे कापले गेले. ते मुळात शोभेचे होते, पण चित्र पाहणाऱ्याला जे एकच धुराडे दिसते त्याचे कारण हे आहे; लाटांचा त्यात दोष नाही. त्यानंतर एल्युसिसच्या उपसागरात जहाज वर्षानुवर्षे उभे राहिले. 'नोगा' झाले तेव्हा ते बैरूतमध्ये तरंगता तुरुंग म्हणून नेण्याची योजना होती. मग 'अलफेरदोस' : अरबी अल-फिरदौस, नंदनवन. मग भंगारात काढायचे ठरले आणि तेही अर्ध्यावर राहिले. १९९२ मध्ये त्याला थायलंडचा गिऱ्हाईक मिळाला, आणि १९९३ मध्ये 'अमेरिकन स्टार' हे सातवे नाव. कोरड्या गोदीत तपासले तेव्हा इतक्या हेळसांडीनंतरही बूड आश्चर्यकारकरीत्या सुस्थितीत निघाले, असे नोंदलेले आहे.

थायलंडचे हॉटेल या शब्दांपाशी आम्ही अडखळतो. ज्या जहाजाने मुंबईहून सैनिक नेऊन सिंगापूरला उतरविले, आणि ज्यांतील कित्येकांचे पाय थायलंडच्या जंगलात कुजले, ते जहाज अर्ध्या शतकाने थायलंडच्या समुद्रावर सहलकऱ्यांसाठी नांगरले जाणार होते. या व्यवहारात कोणाचे काही चुकत नव्हते. कोणाला काही आठवतच नव्हते. वादळ आले नसते तर फुकेतच्या एखाद्या दालनात त्याची जुनी छायाचित्रे चौकटीत लावली गेली असती, आणि त्यांत बहुधा एलिनॉर रूझवेल्ट असत्या.

आणखी एक तारीख. २८ ऑगस्ट १९९४ रोजी, जहाज रुतल्यानंतर सात महिन्यांनी, त्याच फुएर्तेव्हेन्तुरा बेटावर एक लहान लाकडी होडी लागली. तीत पश्चिम सहारातील दोन तरुण होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून स्थलांतरितांना घेऊन कॅनरी बेटांवर पोचलेली पहिली नोंदलेली होडी म्हणून तिचा उल्लेख होतो. २०२४ या एका वर्षात त्या मार्गाने बेटांवर आलेल्यांची संख्या ४६ हजारांवर गेली. वाटेत बुडालेल्यांची मोजदाद अर्थातच कमी निश्चित आहे. हजारो लोकांना सरकारी खर्चाने नव्या भूखंडावर नेणारे जहाज बेटाच्या एका बाजूस लाटा खात उभे होते, लोक मोटारी थांबवून त्याचे चित्र घेत होते. आणि त्याच वर्षांत दुसऱ्या प्रकारचे प्रवासी दुसऱ्या प्रकारच्या बोटींतून येऊ लागले होते. दोन्हींचा संबंध कार्यकारणाचा नाही. समुद्र मात्र तोच आहे.

यावरून चित्र घेणाऱ्यांना दोष द्यावा असे आमच्या मनात नाही. तसे केले तर आम्ही स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात असू. शिवाय, त्या हौशी बघ्यांनी नकळत एक काम करून ठेवलेले आहे. जहाजाचा मालक, विमा कंपनी, बेटाचे प्रशासन यांपैकी कोणीही त्या तेरा वर्षांची सलग नोंद ठेवण्याच्या भानगडीत पडले नसते. सुटीवर आलेल्या अनोळखी माणसांनी, आपापल्या हौसेसाठी, प्रत्येकी दोन-चार चित्रे घेतली आणि त्यांतून एका प्रवासी जहाजाच्या विघटनाची नोंद सिद्ध झाली. जहाजप्रेमींनी ती चित्रे तारखांनिशी लावून पाहिली आहेत. कोणता डेक केव्हा पडला हे आज सांगता येते ते त्यामुळेच.

उणीव आहे ती खालच्या ओळीची. वाल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये छायाचित्रणाच्या इतिहासावर लिहिताना शेवटी असा प्रश्न उभा केला होता की, यापुढे चित्राखालचा मजकूर हाच चित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरणार नाही काय? तो बोलत होता ते राजकारणाच्या संदर्भात. गार्सेयच्या चित्राखाली काय लिहावे यावर आमच्यातच एकमत झाले नाही. एकाचे म्हणणे पडले की सातही नावे लिहावीत. दुसऱ्याचे की फक्त 'मुंबई–सिंगापूर, जानेवारी १९४२' एवढेच. तिसऱ्याने विचारले, मग ऑस्ट्रेलियात ज्यांचे आजोबा याच जहाजाने गेले त्यांनी काय लिहावे? त्यांच्या घरांत या जहाजाची वेगळी छायाचित्रे आहेत, डेकवरची, हसऱ्या चेहऱ्यांची, मागे धुराडे अर्धवट कापलेले. त्यांना ती अवशेषांची चित्रे वाटत नाहीत.

गार्सेयच्या धुळीच्या वाटेने अजूनही लोक उतरतात. ओहोटीला थोडे लोखंड पाण्याबाहेर येते, आणि त्याचेही छायाचित्र घेतले जाते. भरतीला तेवढेही दिसत नाही.